घडवलेला उंदीर आणि कष्टकऱ्याचे शरीर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा नगरचा भुईकोट किल्ला किंवा चांदबिबी यांपैकी काही आम्ही घेऊ असा त्यांचा कयास असावा. त्या विषयांचे अधिकारी लोक या सभेतच बसलेले आहेत. त्यांच्यापुढे आम्ही तोंड उघडणे म्हणजे काजव्याने सूर्याला वाट दाखवण्यासारखे होईल. आमचे आयुष्य बिडी कारखान्यांच्या दारांत आणि कामगारांच्या वस्त्यांत गेले. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि बरेचसे शब्दकोश उशाशी घेऊन. तेव्हा आमच्या कामाशी ज्याचा संबंध आला असाच एक इतिहास आम्ही निवडला आहे. तो आहे प्रयोगशाळेतल्या उंदराचा. माणसाने स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलेल्या उंदराचा.

बिडी कामगारांच्या पुढाऱ्याला उंदराचे काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, कर्करोगासारख्या आजाराचा पहिला प्रयोग बहुधा कष्टकऱ्याच्या शरीरावर झालेला असतो. कोणी तो मुद्दाम करीत नाही. पोटासाठी पत्करलेल्या कामातच तो होऊन जातो. पुढे शास्त्राला त्याचा पुरावा हवा असतो, तेव्हा कष्टकऱ्याच्या जागी उंदीर उभा केला जातो. म्हणून या उंदराच्या इतिहासात आमच्या लोकांचा हक्क गुंतलेला आहे. तो कसा, हे आज सांगावयाचे आहे.

उंदीर म्हटले की आपल्या पणज्यांच्या तोंडचा प्लेग आठवतो. घरात उंदीर पडला की चंबूगबाळे उचलून रानात खोपटी टाकावयाची, एवढे शहाणपण खेड्यापाड्यांना आपोआप आले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले. १९०५ पासून मुंबईत बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने त्याची खातरजमा केली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. हे परळ म्हणजे गिरणगावचे काळीज. पुढे अर्ध्या शतकाने त्याच परळमध्ये उंदराला एक निराळे स्थान मिळाले. पण ती कथा नीट समजावी म्हणून थोडे परदेशी जाऊन यावे लागेल.

१७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली. त्या शहरात घरांची धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना त्यांत चढवीत. काजळी अंगात मुरे, आणि मोठेपणी या लोकांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होई. धंद्यामुळे कर्करोग होतो, हे अशा रीतीने प्रथमच लिहून ठेवले गेले. हे निदान झाले खरे. परंतु काजळीच रोग करते हे प्रयोगाने दाखवावयास आणखी १४० वर्षे लागली. यामागिवा आणि इचिकावा या दोघा जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर दगडी कोळशाचे डांबर महिनोन् महिने पुनःपुन्हा चोळले आणि तेथे कर्करोग उत्पन्न झाल्याचे १९१५ साली प्रसिद्ध केले. मधल्या १४० वर्षांत किती पोरे धुराड्यांत चढली असतील, याचा हिशेब श्रोत्यांनी मनाशी करावा.

ससा मोठा, खर्चिक, आणि त्याच्या पिढ्या सावकाश वाढतात. उंदीर मूठभर जागेत राहतो, मूठभर दाण्यावर जगतो आणि अवघ्या तीन आठवड्यांत वितो. येथे उंदीर म्हणजे शेतातली घूस नव्हे, तर कोनाड्यात शिरणारा लहान उंदीर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी या खेड्यात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हौशी लोकांना विकण्यासाठी त्या रंगीबेरंगी उंदीर पाळू लागल्या. गावातली मुले मजुरीवर त्यांचे पिंजरे साफ करीत. पुढे प्रयोगशाळांकडून मागणी येऊ लागली. कोणता उंदीर कोणाच्या पोटचा, हे त्या वहीत लिहून ठेवीत. काही घराण्यांत गाठी अधिक येतात हे त्यांच्या ध्यानात आले, आणि लिओ लोब या संशोधकांबरोबर त्यांनी त्याचा अभ्यास करून लेख प्रसिद्ध केले. आज जगभर सर्वांत अधिक वापरला जाणारा काळा उंदीर त्यांच्याच खुराड्यातील उंदरांचा वंशज आहे. विद्यापीठाची मोठी पदवी नसताना, पिंजरे झाडता झाडता एका बाईने शास्त्राचा पाया घातला, हे आमच्यासारख्या वाचनालयात शिकलेल्या माणसाला विशेष वाटते.

१९०९ साली क्लॅरेन्स लिटल यांनी शुद्ध कुळीचे उंदीर तयार करण्यास आरंभ केला. शुद्ध कुळी म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ज्वारीचा वाण आपण का घेतो? सर्व ताटे सारखी येतील, कणीस सारखे भरेल, म्हणून. मिसळ बियाणे पेरले आणि खताचा प्रयोग केला, तर फरक खताचा की बियाण्याचा, हे कोणी सांगावे? उंदराचेही तसेच. भाऊ-बहिणीच्या जोड्या वीस पिढ्या लावल्या की त्या कुळीतील उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकमेकांशी तंतोतंत मिळतात. मग औषधाने फरक पडला की तो औषधाचाच. १९२९ साली लिटल यांनी मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथून या कुळी देशोदेशी जाऊ लागल्या.

या प्रयोगशाळेच्या इतिहासातील एक प्रसंग आम्ही कामगारांच्या सभांत पुष्कळदा सांगतो. १९४७ च्या ऑक्टोबरात बार हार्बरला मोठा वणवा लागला आणि त्यात प्रयोगशाळा जळाली. हजारो उंदीर, पिढ्यान् पिढ्यांची निगराणी, एका रात्रीत राख झाली. परंतु तेथून ज्यांनी ज्यांनी पूर्वी उंदीर नेले होते, त्या देशोदेशींच्या संशोधकांनी त्याच कुळींच्या जोड्या परत पाठवल्या, आणि प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली. दिलेले बियाणे असे वेळेला परत येते. गावात एकाची कणगी जळाली तर चार घरची पायली त्याच्याकडे जाते, तोच हा धर्म. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण पुन्हा काढावयाची आहे.

आता परळला परत येऊ. १९४१ साली तेथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळेचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली एक तरुण बाई काम करू लागल्या, त्या कमल रणदिवे. माहेरच्या त्या समर्थ. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, असे वडिलांना वाटे. मुलीने जीवशास्त्र आणि पुढे पेशीशास्त्र निवडले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बाटलीत कशा वाढवाव्यात हे शिकल्या. परत आल्यावर पेशीसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी परळला उभी केली. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. १९६६ ते १९७० या काळात त्या त्याच्या संचालक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांचे मुख्य काम उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर होते. त्याला एक पूर्वपीठिका आहे. १९३६ साली जॅक्सन प्रयोगशाळेतील जॉन बिटनर यांनी दाखवले की, ज्या कुळीत हा रोग फार आहे तिची पिले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी कुळीच्या मादीला पाजावयास दिली तर रोग पुष्कळ घटतो. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. तो एक विषाणू निघाला. आनुवंशिकता, शरीरातील अंतःस्राव आणि विषाणू या तिघांचा रोगाशी मेळ कसा बसतो, हा कमलबाईंच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी परळच्या केंद्रात उंदरांच्या कुळी जोपासल्या गेल्या. एका कुळीला तर केंद्राच्या नावाची आद्याक्षरेच मिळाली, आयसीआरसी. भोंगा वाजला की लाखो गिरणी कामगार ज्या रस्त्यांनी जात, त्या रस्त्यांच्या कडेला एका इमारतीत उंदरांच्या पिढ्यांची वंशावळ लिहिली जात होती, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. उंदरांना वेळेवर दाणापाणी देणारे, पिंजऱ्यांतील भुसा बदलणारे आणि पिले मोजणारे हातही कामगारांचेच. त्यांची नावे शोधनिबंधांत येत नाहीत; पण एका जोडीची गल्लत झाली तर वीस पिढ्यांचे काम वाया जाते.

तंबाखूशी आमचा संबंध येथे येतो. १९५३ साली अमेरिकेत विंडर, ग्रॅहॅम आणि क्रोनिंजर यांनी सिगारेटच्या धुराचे डांबर उंदरांच्या पाठीवर लावले, आणि पुष्कळ उंदरांना कर्करोग झाला. जानेवारी १९५४ मध्ये तेथील सिगारेट कंपन्यांनी शेकडो वर्तमानपत्रांत पान पान जाहिरात देऊन लोकांना दिलासा दिला, की असे प्रयोग निर्णायक मानता येत नाहीत. माणसांच्या आकडेवारीचा पुरावा पुढे ठेवला तर म्हणावयाचे, प्रयोग कुठे आहे? प्रयोग दाखवला तर म्हणावयाचे, उंदीर म्हणजे काय माणूस? वाटाघाटीच्या एका बैठकीत आम्ही बिडी वळणाऱ्या बायांच्या वैद्यकीय तपासणीची मागणी मांडली, तेव्हा समोर बसलेल्या एका गृहस्थांनी हेच वाक्य आम्हांला ऐकवले होते. त्यांनी ती अमेरिकन जाहिरात वाचली असण्याचा संभव नाही. नफ्याला अशी वाक्ये कोणी शिकवावी लागत नाहीत.

परळच्या संशोधकांनी मात्र आपल्या लोकांच्या सवयी उंदरापुढे नेऊन ठेवल्या. पाश्चात्त्य देशांत सिगारेट. आपल्याकडे पान, सुपारी, तंबाखूचा विडा, बाया दातांना लावतात ती मिश्री, आणि बिडी. खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाचा संबंध तंबाखू खाण्याच्या सवयीशी १९४० च्या दशकातच दाखवला होता. १९७० च्या दशकात कमलबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांचे अर्क उंदरांवर व हॅम्स्टरांवर तपासले. हॅम्स्टर हाही उंदराच्याच गोतावळ्यातला. त्याच्या गालात दाणे साठवण्याची पिशवी असते, म्हणून तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्या माणसाशी त्याचे थोडे साम्य. पुढे १९८० च्या दशकात मिश्रीवरही तेथे असे प्रयोग झाले. सुपारी स्वतःच कर्ककारक आहे, असा निवाडा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ साली दिला. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की, परळच्या याच संस्थेतील संशोधक १९९० च्या दशकात पिंजऱ्यातून बाहेर पडून कामगाराकडे आले. बिडी वळणाऱ्यांच्या लघवीची तपासणी करून त्यांनी दाखवले की, ज्याने कधी धूर ओढला नाही त्याच्याही शरीरात नुसत्या हाताळण्याने व धुळीने तंबाखूचा अंश शिरतो. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी झोळीत मूल, अशी दिवसभर बसणारी संगमनेरची किंवा नगरची बाई हे मनोमन जाणत होतीच. तिच्या खोकल्याला आता कागदाचा आधार मिळाला.

येथवर सांगितलेला उंदीर निवडीने घडलेला होता. शेतकरी बी निवडतो तसा. पुढचा टप्पा निराळा आहे. १९७४ साली रुडॉल्फ येनिश आणि बिॲट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भात परक्या विषाणूचे आनुवंशिक द्रव्य घातले, आणि जन्मलेल्या उंदरांच्या अंगात ते सापडले. १९८० साली फलित अंड्यातच सूक्ष्म काचनळीने जनुक सोडण्याची रीत निघाली. १९८२ साली पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी मोठ्या उंदराचे वाढीचे जनुक लहान उंदरात घालून जवळजवळ दुप्पट आकाराचे उंदीर जन्मास घातले. हे झाले भर घालणे. नेमके एकच जनुक बंद पाडावयाचे असेल तर काय करावे? इंग्लंडात मार्टिन इव्हान्स यांनी १९८१ साली गर्भातील मूळपेशी बाटलीत वाढवल्या होत्या. अमेरिकेत कापेकी आणि स्मिथीज यांनी अशा पेशींत हवे ते जनुक हुडकून बदलण्याची युक्ती काढली. त्या पेशी गर्भात घालावयाच्या आणि त्यातून जन्मलेल्या उंदरांची पैदास करावयाची. १९८९ साली असे उंदीर प्रथम तयार झाले. २००७ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. समजा, एखाद्या यंत्राचे शंभर खिळे आहेत. एक एक काढून पाहिला तर कोणता कशासाठी आहे हे कळते. फिटरला हे सांगावे लागत नाही. २०१३ पासून जनुकाची कात्री म्हणून ओळखली जाणारी नवी रीत उंदरांसाठी वापरात आली, आणि वर्षांचे काम काही महिन्यांवर आले.

आता त्या वणव्याच्या गोष्टीची आठवण काढू. १९८४ साली हार्वर्ड विद्यापीठात स्ट्युअर्ट आणि लेडर यांनी कर्करोग उत्पन्न करणारे एक जनुक घेतले आणि त्याला चालू करणारी कळ जोडली. ही कळ त्यांनी उचलली होती बिटनर यांच्या दुधातल्या विषाणूतून! मादी उंदीर मोठी झाली की तिला हमखास स्तनाचा कर्करोग होई. १२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकन सरकारने या उंदराचे पेटंट दिले. सस्तन प्राण्यावर दिलेले जगातले ते पहिले पेटंट. त्याचा विक्रीचा हक्क, संशोधनास पैसा पुरवणाऱ्या ड्यूपाँट कंपनीकडे गेला. उंदीर वापरणाऱ्याने अटी मान्य कराव्यात आणि त्या उंदरावरून पुढे काही शोध लागला तर त्यातही कंपनीचा वाटा असावा, असा आग्रह होऊ लागला. लॅथ्रॉपबाईंच्या वह्या, बिटनर यांचे दूध, देशोदेशींची पिढ्यान् पिढ्यांची निगराणी, हे सारे एका खतावणीत जमा झाले! संशोधकांनी आरडाओरड केली. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी करार होऊन विनानफा संशोधनासाठी अटी सैल झाल्या. २००२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, उच्च कोटीचा प्राणी हा त्यांच्या कायद्याच्या अर्थाने शोध ठरत नाही. त्याच वर्षी आपल्या पेटंट कायद्यात दुरुस्ती होऊन वनस्पती व प्राणी यांवर पेटंट मिळणार नाही, असे कलम घातले गेले. ज्वारीच्या वाणापासून उंदराच्या कुळीपर्यंत हे कलम आपले रक्षण करते. ते जपले पाहिजे.

उपयोगाचे एक ताजे उदाहरण देतो. २००३ सालच्या सार्स रोगानंतर अमेरिकेत आयोवा येथील संशोधकांनी माणसाच्या पेशीवरचे एक कुलूप उंदराला बसवले. त्या कुलपातूनच तो विषाणू शिरतो. २००७ साली हे काम प्रसिद्ध झाले. सार्स तोवर ओसरला होता. कोणासही मग त्या उंदराची गरज उरली नाही. २०२० साली कोविड आला. साध्या उंदराला तो विषाणू लागेना. तेव्हा गोठवून जपलेल्या बीजापासून ती कुळी पुन्हा जन्मास घातली गेली आणि लसी-औषधे तिच्यावर तपासली गेली. बियाणे राखून ठेवण्याचे महत्त्व यापरते काय सांगावे?

हे सर्व होताना मुका जीव मरतो, याचा विसर पडू नये. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विधेयक मांडले. त्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आला, आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद झाली. १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज लेखकांनी तीन नियम सांगितले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, संख्या कमी करावी, वेदना कमी कराव्यात. २०२३ साली आपल्या देशातही नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी इतर साधने स्वीकारण्याची मुभा नियमांत आली. कष्टकऱ्याच्या चळवळीने याचे स्वागतच करावे. दुबळ्याच्या शरीराचा फुकट उपयोग होऊ नये, हीच तर आमचीही मागणी आहे.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. उंदरांच्या कुळींत आयुष्य घालवलेल्या कमलबाई निवृत्तीनंतर घरी बसल्या नाहीत. १९८९ च्या सुमारास अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन या संस्थेच्या साथीने, आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात त्यांनी लक्ष घातले. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. तिच्या वतीने खेड्यांतील स्त्रियांच्या आरोग्याचे कामही त्यांनी केले. २००१ साली त्या वारल्या. भंडारदऱ्याकडच्या डोंगरांतले एखादे मूल किती खाते, किती वाढते, याची नोंद त्यांनी पिंजऱ्यातल्या पिलाच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे व्हावी असे मानले, यात आम्हांला त्यांच्या शास्त्राचे सार्थक दिसते.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उंदराची वंशावळ लिहिलेली असते. तो काय खातो, कशाने आजारी पडतो, कधी मरतो, सारे वहीत असते. आपल्या जिल्ह्यात तीस तीस वर्षे बिडी वळलेल्या किती बायांच्या खोकल्याची, डोळ्यांची, पाठीची अशी नोंद आहे? १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला. २०१७ साली नव्या करपद्धतीबरोबर त्या निधीचा उपकर गेला. उंदराने आपली साक्ष केव्हाच दिलेली आहे. आता दवाखान्याचा कागद, वर्षाची एक तपासणी आणि हजारी मजुरीबरोबर आरोग्याची हमी, एवढे मागण्याचे काम माणसांचे आहे. या सभागृहातील डॉक्टर, वकील, शिक्षक या मंडळींनी त्यात हात घालावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.